दूध वर्ज्य करणाऱ्याची शिदोरी

गेल्या भाद्रपदात, गौरी-गणपतींचे विसर्जन झाल्यावर तिसऱ्या दिवशी, आमच्या थोरल्या बंधूंची नात पुढील शिक्षणासाठी जर्मनीस गेली. घरातील मूल परदेशी जाण्याचा प्रसंग आता मध्यम स्थितीतील कुटुंबांसही नवा राहिलेला नाही. वर्ध्यासारख्या गावातूनही मुले-मुली जात असतात. तेव्हा केवळ तेवढ्यासाठी वाचकांचा वेळ घेण्याचे कारण नव्हते. परंतु या मुलीचे सामान बांधताना आमच्या घरात सुमारे तीन आठवडे जी चर्चा, आणि खरे सांगावयाचे तर जो कलह झाला, त्यातून काही गोष्टी आम्हांस नव्याने उमगल्या. त्या इतर घरांसही उपयोगी पडतील, असे वाटल्यावरून हे चार शब्द.

कलहाचे कारण असे. मुलीने दोन वर्षांपूर्वी दूध सोडले. मांसमत्स्य आमच्या घरी पूर्वीपासूनच नाही. परंतु तिने दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, इतकेच नव्हे तर मधही वर्ज्य केला. वासरासाठी उत्पन्न झालेले आपण घ्यावयाचे नाही, आणि मधमाशीचा साठा लुटावयाचा नाही, इतके साधे तिचे म्हणणे. या आचारास इंग्रजीत ‘व्हीगन’ म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन व त्यांचे काही सोबती यांनी प्रचारात आणला. त्यांच्यापूर्वीचे तेथील शाकाहारी लोक दूध-अंडी घेत असत. त्यांहून आपण निराळे, हे दाखविण्यासाठी त्यांस नवा शब्द लागला. हा आचार केवळ ताटापुरता नाही. कातडे, लोकर, रेशीम हेही त्यात वर्ज्य आहे. आम्ही सोयीसाठी या लेखात ‘निर्दुग्ध’ असा शब्द योजतो.

घरी असताना या व्रताचा फारसा गाजावाजा झाला नाही. वरण-भातावर तूप न वाढता तीस तसेच वाढले जाई, आणि मोदक तर तांदूळ, नारळ व गूळ यांचाच असल्यामुळे गणपतीही अडला नाही. खरा प्रश्न उभा राहिला तो ट्रंक उघडल्यावर. आमच्या वहिनींनी, म्हणजे मुलीच्या आजीने, पहिल्याच दिवशी दोन किलो साजूक तूप कढवावयास घेतले. मुलगी म्हणाली, “आजी, ते मी नेणार नाही गं.” वहिनी म्हणाल्या, “येथे नको असेल तर नको खाऊस. पण परक्या मुलुखात तुपाचा आधार नको का?” मुलगी गप्प राहिली. वहिनीही त्या दिवशी जेवावयास उशिरा बसल्या.

वहिनींची बाजू समजून घेतली पाहिजे. आपल्या घरांत दूध-तूप हे केवळ अन्न नव्हे. पानात वाढलेल्या भातावर तुपाची धार पडली म्हणजे अन्नशुद्धी झाली, असे आपण म्हणतो. प्रवासाच्या बाबतीत तर दुधाचे स्थान याहूनही मोठे. जुन्या काळी पाण्यात भिजविलेल्या कणकेची पोळी वाटेत चालत नसे. दुधात भिजवून केलेली दशमी मात्र चाले. काशीस जाणाऱ्याच्या पडशीत दशम्या असत त्या यामुळेच. त्या टिकत हे तर खरेच, परंतु घराबाहेर पडलेल्या माणसाचा आचार ज्या एका पदार्थाने राखला जाई तो पदार्थ दूध होता. आता नात म्हणते की आचार राखावयाचा म्हणून दूधच नको! सत्तरी ओलांडलेल्या बाईने हे एका दिवसात कसे पचवावे? नातीने तूप नाकारले ते वहिनींस आपलेच हात नाकारल्यासारखे वाटले.

आमच्याकडे निवाडा मागण्यात आला, कारण आम्ही पडलो मास्तर. आम्ही निवाडा दिला नाही. एक शब्द मात्र सांगितला. शिदोरीस संस्कृतात ‘पाथेय’ म्हणतात. पाणिनीने हा शब्द ज्या सूत्रात साधला आहे त्याच सूत्रात, त्याच प्रत्ययाने, ‘आतिथेय’ हा शब्दही साधला आहे. वाटेवर जे हितकर ते पाथेय. अतिथीच्या ठायी जो हितकर तो आतिथेय. व्याकरणाने ही दोन भावंडे एकाच पंक्तीस बसविली आहेत. अतिथीस आपण काय वाढतो? आपणांस आवडते ते नव्हे; त्यास चालते ते. एकादशीच्या दिवशी आलेल्या उपवासकऱ्यास कोणी पुरणपोळीचा आग्रह करीत नाही. मग वाटेस लागणाऱ्या आपल्या मुलीस तिला चालेल तेच बांधून देणे, हेही आतिथ्यच नव्हे काय? वहिनींनी यावर होय वा नाही काहीच म्हटले नाही. मात्र दुसऱ्या दिवशी तूप बरणीत भरून फडताळात गेले, आणि शेंगदाणे भाजावयास निघाले.

व्रत घेऊन परदेशी जाण्याचा प्रश्न आपल्याकडे आजचा नाही. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलात कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील भाषणात जाहीर सांगितले होते, आणि ते पाळले. फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, क्षयाने पुण्यास निवर्तल्या. तेथील कडाक्याची थंडी आणि न मानवणारे जेवण यांनी त्यांची प्रकृती आधीच खचविली होती. त्यांच्या निष्ठेत काही उणे नव्हते. उणे होते ते साधनांत. निष्ठा असणाऱ्या मुलीस साधने पुरविणे हे मागे राहणाऱ्यांचे काम आहे, हे त्या चरित्रातून आम्ही शिकलो.

दुसरे उदाहरण आमच्या अगदी अंगणातील. वर्ध्याहून सेवाग्राम दोन कोसांवर. तेथे १९३६ पासून राहिलेल्या महात्माजींनी १९१२ साली, दक्षिण आफ्रिकेत असताना, दूध सोडले होते. पुढे १९१८ साली खेडा जिल्ह्यात ते फार आजारी पडले, शक्ती येईना. दुधावाचून शरीर भरणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा कस्तुरबांनी सुचविले की व्रत गाई-म्हशीच्या दुधाचे होते, शेळीच्या दुधास अडचण कोणती? गांधीजींनी ते मानले. परंतु आत्मचरित्रात त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले आहे की यात व्रताचे अक्षर राहिले, आत्मा राहिला नाही, आणि ही टोचणी त्यांस कायमची लागून राहिली. याच्या उलट त्यांची विद्यार्थिदशेतील गोष्ट पाहा. १८८८ साली विलायतेस जाताना मांस न खाण्याचे वचन त्यांनी आईस दिले होते. तेथे काही मित्र म्हणाले, अंडे म्हणजे मांस नव्हे. त्यावर त्यांनी शेवटी ठरविले की ज्या आईसमोर वचन दिले तिच्या मनातील मांसाची व्याख्या तीच खरी. तीत अंडे येते, म्हणून अंडे वर्ज्य.

या दोन गोष्टींवरून आम्ही मुलीस एवढेच सांगितले की व्रताचा अर्थ निघण्यापूर्वी, घरी, शांत चित्ताने ठरवून जा. भुकेच्या वा आजाराच्या वेळी ठरविलेला अर्थ पुढे टोचत राहतो. तिने आजीसमोर बसून तीन गोष्टी ठरविल्या. समजून-उमजून दुधाचे काही खावयाचे नाही. चुकून खाण्यात आले तर त्याचा बाऊ करावयाचा नाही, यजमानास शरमवावयाचे नाही. आणि आजारात डॉक्टरने दिलेले औषध घ्यावयाचे. कारण पुष्कळ गोळ्यांत भर म्हणून दुधातील साखर घातलेली असते, आणि तेवढ्यासाठी औषध नाकारणे हा धर्म नव्हे. वहिनींचा अर्धा घोर येथेच गेला. त्यांस तुपाची नव्हे, आजारपणाची भीती होती, हे आम्हांस तेव्हा कळले.

आता प्रत्यक्ष सामानाकडे वळू.

प्रथम काय नेऊ नये ते. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशास मांस व दूध यांचे पदार्थ सामानात नेण्यास मनाई आहे. तान्ह्या मुलांच्या दुधासारखे थोडे अपवाद तेवढे आहेत. ब्रिटनचा नियमही बहुतांशी तसाच. म्हणजे वहिनींची तुपाची बरणी तेथील जकात चौकीवर बहुधा काढूनच घेतली गेली असती. हे आम्ही सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मग भाऊजी, हे आधी नाही का सांगायचे?” ताजी फळे व भाज्या यांसही तेथे वनस्पतिआरोग्याचा दाखला लागतो, केळी, नारळ, अननस, खजूर व ड्युरियन एवढ्यांस तो लागत नाही. तेव्हा कढीलिंबाचे ताजे डहाळे पेटीत खुपसू नयेत. पाने वाळवून चटणीत कुटावीत.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नयेत. खोबऱ्यातील तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेण्याचा संभव असतो, म्हणून विमानाच्या सामानात ते घेत नाहीत.

खसखस ही तिसरी वस्तू. आखाती देशांत, तसेच सिंगापुरात, खसखस जवळ बाळगणे हा गुन्हा समजतात, आणि युरोपास जाणारी पुष्कळ विमाने आखाती देशांतच बदलावी लागतात. आपण अनारसे खसखशीवर थापतो, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. आमच्या घरी अनारशांचे पीठ भिजत पडले होते. ते मग घरच्यांनीच तळून खाल्ले.

वर्ध्याची आठवण म्हणून पाहुण्याबरोबर गोरसपाकाचा पुडा देण्याची आमच्याकडे रीत आहे. गाईच्या तुपातील ही बिस्किटे सर्वांस प्रिय. या खेपेस तो पुडा दिला नाही. त्याऐवजी तिळगुळाच्या वड्या दिल्या.

आता काय न्यावे. येथे वहिनींच्या अनुभवाचा उपयोग झाला. कारण बारकाईने पाहता आपल्या घरातील टिकाऊ पदार्थांत दूध नसतेच. मेतकूट, भाजणी, कुळथाचे पीठ, सांडगे, कुरडया, पापड, पोहे, चिवडा, ही सारी निर्दुग्धच आहेत. विदर्भात आपल्याकडे जवसाची व कारळाची चटणी प्रत्येक घरी होते. ती भाकरीशी तेलात कालवून खाल्ली असता तुपाची आठवण होत नाही. जवसातील तेल प्रकृतीसही हितकर असते. शेंगदाण्याचे व तिळाचे लाडू गुळातच वळतात. बेसनाचे व डिंकाचे लाडू मात्र तुपावाचून साधत नाहीत. त्यांच्या मागे लागू नये. शंकरपाळ्यांस तुपाऐवजी तेलाचे मोहन घातले तर त्या खुसखुशीत होतात. वनस्पती तूप दुधाचे नसते, म्हणून निर्दुग्ध माणसास चालते खरे. परंतु वहिनींनी ते घरात आणू दिले नाही, आणि त्या बाबतीत आम्हीही त्यांच्याच पक्षाचे आहोत.

बाजारातील तयार पिठांवर विश्वास ठेवू नये. शिऱ्याच्या, इडलीच्या वा सूपच्या तयार पुड्यांत दुधाची भुकटी किंवा तूप असण्याचा संभव असतो. घटकांची यादी वाचल्याखेरीज पुडा घेऊ नये.

दशम्यांची कथा स्वतंत्र सांगण्यासारखी आहे. वाटेस दशमी हवीच, असा वहिनींचा हट्ट. आणि दूध नको, हा नातीचा. प्रथम गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून केल्या, त्या दुसऱ्या दिवशी वातड झाल्या. मग ज्वारीच्या व गव्हाच्या पिठात कढत तिळाच्या तेलाचे मोहन बेताने अधिक घालून, गुळाच्या कोमट पाण्यात घट्ट भिजवून, मंद आचेवर भाजल्या. त्या पुऱ्या निववून, कापडात गुंडाळून तीन दिवस ठेवून पाहिल्या; मऊ राहिल्या, वासही आला नाही. तिळाचे तेल घाणीचे होते. वर्ध्यास मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी ग्रामोद्योग संघाच्या काळात बैलघाणीच्या तेलाचा केवढा पुरस्कार केला, हे जुन्या मंडळींस स्मरत असेल. ते तेल आमच्या नातीच्या दशमीस कामास आले. गरम दशमी डब्यात भरू नये, वाफेने ती बुरसते, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

किती न्यावे? पुष्कळ विमान कंपन्या मोठ्या पेटीस २३ किलोंची मर्यादा घालतात. येथेही गांधीजींचेच स्मरण होते. १९३१ च्या ऑगस्टअखेर गोलमेज परिषदेसाठी ते ‘राजपुताना’ बोटीने निघाले, तेव्हा सोबत्यांनी लोकांकडून मिळालेल्या पेट्यांचा ढीग बरोबर घेतलेला पाहून ते फार संतापले, आणि त्यांतील बरेचसे सामान एडनहून परत पाठवावे लागले. आमच्या घरची पहिली यादी चौतीस किलोंची झाली होती! तीतून तूरडाळ व तांदूळ प्रथम काढले. युरोपातील बहुतेक मोठ्या शहरांत हिंदी माणसांची दुकाने आहेत व तेथे ते मिळतात. शेवटी खाण्याचे सामान सहा किलोंवर आले: भाजणी एक किलो, पोहे एक, मेतकूट व कुळथाचे पीठ अर्धा-अर्धा, दोन चटण्या मिळून एक, लाडू व वड्या एक, मसाला व हिंग-हळद अर्धा, सांडगे-पापड अर्धा. बिऱ्हाड लागून बाजार कळेपर्यंतचे दोन-तीन आठवडे निघावेत, एवढाच हिशेब. शिदोरी वाटेपुरती असावी. वर्षाची बेगमी म्हणजे शिदोरी नव्हे. पिठे व चटण्या मोठ्या पेटीत ठेवाव्यात, लोणच्याची बरणी तर अवश्य. हातातील पिशवीत १०० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीतील द्रव पदार्थ नेऊ देत नाहीत. प्रत्येक पुड्यावर आत काय आहे ते इंग्रजीत लिहावे.

विमानातील जेवणाविषयी एक धोक्याची सूचना. तिकीट काढताना जेवणाचा प्रकार निवडता येतो. तो निदान एक दिवस आधी कळवावा लागतो. त्यांत ‘हिंदू मील’ असा एक प्रकार असतो. नावावरून फसू नये. त्यात गोमांस नसते एवढेच. कोंबडी, बकरे वा मासे असू शकतात. आमच्या एका पुतण्याने काही वर्षांपूर्वी मोठ्या विश्वासाने हे जेवण मागविले, आणि झाकण उघडल्यावर सारा प्रवास पाण्यावर काढला. ‘एशियन व्हेजिटेरियन’ हा प्रकार शाकाहारी असतो, परंतु त्यात दूध-दही येते. निर्दुग्ध माणसाने ‘व्हीजीएमएल’ या खुणेचे जेवण मागावे. तरीही दशम्या हाताशी असाव्यात. विमान चुकते, जेवण चुकते, दशमी चुकत नाही.

औषधाचा विषय सर्वांत महत्त्वाचा, आणि याच बाबतीत तरुण मंडळी निष्काळजी असतात. बी-१२ नावाचे जीवनसत्त्व वनस्पतींपासून भरवशाने मिळत नाही. दूध घेणाऱ्या शाकाहाऱ्यास ते थोडेफार मिळते. दूधही सोडले म्हणजे ती वाटही बंद होते. त्याच्या अभावी रक्त कमी होते, हातापायांस मुंग्या येतात, आणि दुर्लक्ष केल्यास मज्जातंतूंस कायमची इजा पोहोचते. हे सारे हळूहळू, वर्षा-दोन वर्षांनी दिसू लागते, म्हणून माणूस गाफील राहतो. व्हीगन मंडळींच्या संस्थाच सांगतात की गोळीने रोज १० मायक्रोग्रॅम, किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम, घेतलेच पाहिजे. आम्ही निघण्यापूर्वी मुलीचे रक्त तपासून घेतले, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह गोळ्या दिल्या. उत्तरेकडील देशांत हिवाळ्यात ऊन नसते, तेव्हा ‘ड’ जीवनसत्त्वाचीही चौकशी करावी. कॅप्सुलांचे वेष्टन बहुधा जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेल्या जिलेटिनचे असते. म्हणून साध्या गोळ्या मागाव्यात. वनस्पत्याहारात गोळी घेणे म्हणजे पराभव, असे कोणी मानू नये. चष्मा लावणारा डोळ्यांचा अपमान करीत नाही.

कपड्यांविषयी थोडक्यात. लोकर, रेशीम व कातडे वर्ज्य म्हटल्यावर आमच्या घरात पुन्हा एकदा भुवया उंचावल्या. कारण कद, मुकटा आणि धाबळी यांवरच तर आपले सोवळे उभे आहे. परंतु थंडीचा प्रश्न खरा आहे, आणि आनंदीबाईंचे स्मरण ठेवून तो नीट सोडविला पाहिजे. नुसते सुती कपडे एकावर एक चढविल्याने भागत नाही; सूत घाम धरून ठेवते आणि मग अंग गारठते. अंगालगत कृत्रिम धाग्याचा पातळ कपडा, त्यावर ‘फ्लीस’चे जाड कापड, आणि बाहेरून वारा व पाऊस अडविणारे जाकीट, असे तीन थर असावेत. पिसे न भरता कृत्रिम कापूस भरलेली जाकिटे मिळतात. बाहेरचा थर येथे घेऊ नये. तेथील थंडी तेथील दुकानदारास अधिक कळते. पादत्राणांच्या संदर्भात आम्ही तीस नालवाडीची गोष्ट सांगितली. वर्ध्याजवळ नालवाडीस गांधीजींच्या प्रेरणेने, गोपाळराव वाळुंजकरांच्या देखरेखीखाली, केवळ मेलेल्या जनावरांचे कातडे कमावण्याचा कारखाना चालत असे. हिंसा टाळण्याचा तोही एक मार्ग होता. मुलीने लक्षपूर्वक ऐकले. “नाना, ती माणसे माझ्या जवळची वाटतात,” म्हणाली, आणि कॅनव्हासचे जोडे घेऊन आली.

शेवटची वस्तू वजनास शून्य: भाषा. युरोपीय संघात बंद पुड्यावरील यादीत दूध, अंडे यांसारखे अपायकारक ठरू शकणारे १४ घटक ठळक छापण्याचा नियम आहे. तेव्हा जर्मन भाषेतील तीन-चार शब्द ओळखता आले की दुकानात अडत नाही. ‘मिल्ष’ म्हणजे दूध, ‘आय’ म्हणजे अंडे, ‘होनिश’ म्हणजे मध, आणि ‘ओने’ म्हणजे वाचून. सोयाबीनचे वा ओटचे दूध तेथे सर्वत्र मिळते, परंतु पुड्यावर त्यास ‘दूध’ म्हटलेले आढळणार नाही. २०१७ साली युरोपीय न्यायालयाने दूध हा शब्द जनावराच्या दुधासाठीच राखून ठेवला, नारळाचे दूध वगैरे अपवाद सोडून. म्हणून ‘हाफरड्रिंक’ असे लिहिलेले पाहावे; हाफर म्हणजे ओट. आमच्या जिल्ह्यात शेतोशेती सोयाबीन पिकते, आणि त्याचे दूध पिण्यास आमची मुलगी जर्मनीस गेली, असे आमचे बंधू थट्टेने म्हणतात.

आपण काय खात नाही हे प्रथम भेटीतच, हसतमुखाने, सांगून टाकावे. पान वाढून झाल्यावर सांगणे हा यजमानावर अन्याय आहे. ज्यास पाथेय बांधून मिळाले त्याने आतिथेयाची अडचणही ओळखली पाहिजे.

निघावयाच्या दिवशी पहाटे नागपूरच्या विमानतळाकडे जाणारी मोटार दारात उभी होती. मुलीने देवास व सर्वांस नमस्कार केला. आपल्याकडे प्रवासास निघणाऱ्याच्या हातावर दही घालतात. त्या घरात साठ वर्षांत कोणी दह्यावाचून उंबरठा ओलांडला नव्हता. आम्ही सारे वहिनींकडे पाहू लागलो. त्या आतून वाटी घेऊन आल्या. तीत गूळ होता. खडा नातीच्या तळहातावर ठेवून त्या म्हणाल्या, “सावकाश जा, आणि लवकर ये.” मुलीने गूळ तोंडात टाकला आणि आजीच्या गळ्यात पडली.

पोहोचल्याचा फोन दुसऱ्या दिवशी आला. दशम्या वाटेत संपल्या होत्या, विमान बदलताना दोन तास अधिक लागले होते, आणि ‘व्हीजीएमएल’चे जेवण बरोबर आले होते. वहिनींनी एकच विचारले, “गोळी घेतलीस का?”